पोविसची अर्लकी आणि सरखेलीची वस्त्रे

अलिबागच्या समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्यावर पायी जायचे तर ओहोटी गाठावी लागते. भरती चढू लागली की वाट पाण्याखाली जाते. आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांना घेऊन आम्ही एकदा असेच ओहोटीची वेळ साधून तेथे गेलो होतो. पहिल्या रघूजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले गणेशपंचायतनाचे मंदिर पाहिले, गोड्या पाण्याचा तलाव पाहिला आणि शेवटी तटावरच्या, चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफांपाशी येऊन सगळे विसावले. यॉर्कशायरमधील लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचे नाव तेथे कोरलेले आहे. एका मुलाने ते अक्षर अक्षर लावून वाचले आणि विचारले, "फादर, किल्ला आंग्र्यांचा, मग तोफा इंग्रजांच्या कशा?"

आम्ही उत्तर देण्याआधीच एक वयस्कर काका म्हणाले, "वारस राहिला नाही बाळा, म्हणून राज्य गेलं."

जवळच आमच्या धर्मग्रामातील एक जोडपे आपल्या लहान मुलीला खाऊ भरवीत बसले होते. मुलगी त्यांनी दत्तक घेतलेली. ती बाई मान वर न करता म्हणाली, "मग दत्तक घ्यायचा की!"

"घेऊ दिला नाही," काका म्हणाले.

पाणी चढण्याच्या आत परतायचे होते, म्हणून बोलणे तेथेच राहिले. पण ते 'घेऊ दिला नाही' आमच्या मनातून जाईना. ज्यांनी आंग्र्यांना दत्तक घेऊ दिला नाही, त्यांच्या स्वतःच्या देशात पदव्या आणि जहागिरी कशा चालत आल्या? वारस खुंटला की तेथे काय करीत असत? ही तुलना करण्यासाठी एखादे घराणे निवडायचे, तर ते कोठून तरी उचललेले नको, आंग्र्यांच्या दारात येऊन गेलेले हवे. असे एक घराणे आहे. वेल्सच्या सीमेवरील पोविस येथील अर्लांचे.

आधी आपल्या किनाऱ्याकडे पाहू.

आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातील आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. कान्होजींचे वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या सेवेत होते. कान्होजींनी सुवर्णदुर्गावर नाव मिळवले आणि सिधोजी गुजरांच्या मागून, १६९८ च्या सुमारास, मराठ्यांच्या आरमाराची सरखेली त्यांच्याकडे आली. सरखेल हा शब्द फार्सीतून आलेला. सर म्हणजे प्रमुख आणि खैल म्हणजे पथक. मुळात घोडदळाला शोभणारा हा किताब आपल्या किनाऱ्यावर येऊन आरमारी झाला. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू छत्रपतींच्या पक्षात आले, तेव्हा दहा मोठे किल्ले आणि सोळा लहान ठाणी, अशी सव्वीस स्थळे त्यांच्याकडे कायम झाली. सरखेलीवरही शिक्कामोर्तब झाले. मुंबईकर इंग्रज, गोवेकर पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचे सिद्दी या तिघांना पुरून उरलेला हा पुरुष १७२९ साली वारला. त्याची समाधी अलिबागेत आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सरखेली हे छत्रपतींनी वस्त्रे देऊन दिलेले पद होते. बापामागून मुलाकडे ते आपोआप जात नसे. नवी वस्त्रे मिळवावी लागत, आणि वस्त्रे देणारा हात सामान्यतः त्याच घराकडे वळे. म्हणजे वंशपरंपरा होती, पण ती धन्याच्या संमतीने चालणारी. पुढे जे घडले त्याची किल्ली या गोष्टीत आहे.

कान्होजींना सहा मुलगे होते. थोरले सेखोजी सरखेल झाले आणि १७३३ साली वारले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत तंटा लागला. बाजीराव पेशव्यांनी १७३५ साली तो ज्या रीतीने मिटवला, ती रीत पाहून आम्हांला पंचायतीत बसलेल्या चतुर पाटलाची आठवण होते. त्यांनी घर वाटले आणि किताबही वाटला. संभाजीकडे दक्षिणेतील सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग आणि 'सरखेल' ही पदवी राहिली. मानाजीला कुलाबा आणि 'वजारतमाआब' ही नवी पदवी मिळाली. दोघे संतुष्ट, आणि एकत्रित आंग्रे-बळाची धास्ती कमी झाल्यामुळे पेशवेही संतुष्ट. (याच मानाजीच्या काळात, १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज अधिकारी गलबतात बसून गेले. कोर्लईचे आपले लोक मात्र तेथेच राहिले, आणि त्यांची पोर्तुगीज वळणाची बोली आजही तेथे ऐकू येते. राज्यकर्त्यांच्या पदव्यांपेक्षा कोळ्या-शेतकऱ्यांची भाषा अधिक टिकाऊ निघाली.)

संभाजी १७४२ साली वारले आणि सरखेली तुळाजीकडे गेली. तुळाजी कोणालाच जुमानीना, पेशव्यांनाही नाही. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गाच्या खाडीत शिरले आणि आंग्र्यांचे सारे आरमार एका दिवसात जळून गेले. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांची लूट सापडली. ती इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली; दोस्त म्हणवणाऱ्या पेशव्यांना त्यातील काही मिळाले नाही. विजयदुर्गाच्या बदल्यात बाणकोट मात्र इंग्रजांनी पदरात पाडून घेतले. आपले आरमार परक्याच्या हातून जाळून घेण्याचा हा व्यवहार आम्हांला आजही समजत नाही.

त्या दिवशी जमिनीवरील सैन्याचा सेनापती तीस वर्षांचा एक कर्नल होता. त्याचे नाव रॉबर्ट क्लाइव्ह. पुढच्याच वर्षी त्याने प्लासी जिंकली.

या दोन विजयांतून इंग्लंडात दोन पदव्या उगवल्या. धाकटी आधी सांगून टाकतो. सुवर्णदुर्ग घेणारा जेम्स १७७८ साली बॅरोनेट झाला. बॅरोनेट म्हणजे नावामागे 'सर' लावण्याचा वंशपरंपरागत मान. त्याने उमराव-सभेत जागा मिळत नाही. जेम्स १७८३ साली वारला. त्याच्या पत्नीने लंडनजवळच्या टेकडीवर १७८४ साली त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा बांधला आणि त्याला नाव दिले 'सेव्हर्नड्रूग'. ही आपल्या सुवर्णदुर्गाची इंग्रजी जिभेवरची अवस्था! १७९२ साली जेम्सचा मुलगाही वारला आणि बॅरोनेटचा किताब अवघ्या चौदा वर्षांत लयास गेला. मनोरा अजून उभा आहे.

थोरली पदवी क्लाइव्हची. १७६२ साली तो 'प्लासीचा बॅरन क्लाइव्ह' झाला. मात्र ही बॅरनकी आयर्लंडची होती. तिच्या बळावर लंडनच्या उमराव-सभेत बसता येत नव्हते. प्लासी गाव बंगालात आणि पदवी आयर्लंडची, हे जुळावे म्हणून क्लाइव्हने आयर्लंडातील आपल्या जमिनीलाच प्लासी हे नाव देऊन टाकले. नव्या श्रीमंताला आता जुने नाव हवे होते. ते त्याच्या मुलाने लग्नातून मिळवले.

आता पोविसकडे वळू. इंग्रज उमरावांच्या पाच पायऱ्या आहेत : ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. अर्ल ही मधली पायरी. पाटीलकी-देशमुखीच्या चालीवर आम्ही तिला अर्लकी म्हणत आहोत, वाचकांनी क्षमा करावी. वेल्सच्या सीमेवर लाल दगडाचा पोविस किल्ला आहे. हर्बर्ट घराण्याने तो १५८७ साली विकत घेतला. १६२९ साली त्यांना बॅरनकी मिळाली, १६७४ साली अर्लकी आणि १६८७ साली मार्क्वेसचा दर्जा.

हे पहिले मार्क्वेस विल्यम हर्बर्ट कॅथलिक होते, आणि इंग्लंडात कॅथलिक असणे त्या काळी सोपे नव्हते. १६७८ साली टायटस ओट्स नावाच्या एका लबाड माणसाने राजाच्या खुनाचा 'पोपवादी कट' रचल्याची कंडी उठवली. पाच कॅथलिक उमराव लंडनच्या टॉवरमध्ये डांबले गेले, त्यांत पोविस होते. त्यांच्यापैकी स्टॅफर्डचे विल्यम हॉवर्ड यांचा १६८० साली शिरच्छेद झाला. ख्रिस्तसभेने १९२९ साली त्यांना धन्य घोषित केले. पोविस १६८४ साली सुटले. पुढे १६८८ मध्ये राजा दुसरा जेम्स परागंदा झाला तेव्हा त्याच्यामागे ते फ्रान्सला गेले आणि १६९६ साली तेथेच वारले. त्यांची कन्या विनिफ्रेड हिने १७१६ साली, देहान्ताची शिक्षा झालेल्या आपल्या नवऱ्याला बायकी कपडे घालून त्याच टॉवरमधून बाहेर काढले. ही हकिकत आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो तेव्हा मुले खूश होतात, आणि मुली अधिक.

तर या घराण्याचा पुरुषवंश १७४८ साली खुंटला. तिसरे मार्क्वेस अविवाहित वारले. इंग्रजी कायदा येथे कडक आहे. सनदेत साधारणतः 'औरस पुरुष संतती' असे लिहिलेले असते. ती संपली की पदवी संपते. त्याप्रमाणे पोविसची पदवी संपली. पण जमीनजुमला मृत्युपत्राने हेन्री आर्थर हर्बर्ट या दूरच्या नातलगाकडे गेला, राजाने त्याच वर्षी त्याला नवी सनद देऊन पोविसचा अर्ल केले आणि १७५१ साली त्याने मृत मार्क्वेसची पुतणी बार्बरा हिच्याशी लग्न करून जुने रक्तही घरात आणले. कागदोपत्री जुनी अर्लकी मेली होती. गावाच्या दृष्टीने मात्र किल्ला तोच, आडनाव तेच आणि अर्लही तोच.

१८०१ साली पुन्हा तोच प्रसंग. बार्बराचा मुलगा जॉर्ज अविवाहित वारला आणि दुसऱ्या खेपेची अर्लकीही संपली. त्याची बहीण हेन्रिएटा हिचे लग्न १७८४ साली झाले होते ते एडवर्ड क्लाइव्हशी. विजयदुर्गावर आलेल्या रॉबर्ट क्लाइव्हचा हा मुलगा, १७९८ ते १८०३ पर्यंत मद्रासचा गव्हर्नर. तो परतल्यावर १८०४ साली राजाने तिसरी सनद काढली आणि क्लाइव्हला पोविसचा अर्ल केले. जॉर्ज हर्बर्टने मृत्युपत्रात मात्र एक अट घातली होती : आपली मालमत्ता भाच्याला मिळेल, पण त्याने हर्बर्ट आडनाव लावले पाहिजे. भाच्याने १८०७ साली राजाच्या परवानगीने क्लाइव्ह हे आडनाव सोडले आणि हर्बर्ट लावले.

वाचकहो, हे काय झाले? मामा निपुत्रिक वारला, बहिणीच्या मुलाने मामाचे नाव घेतले, मामाची इस्टेट घेतली आणि मामाच्या घराण्याची पदवी चालवली. आपल्या गावात असे झाले असते तर त्याला लोक काय म्हणाले असते? इंग्रजी कायद्यात तेव्हा दत्तकाची सोय नव्हती, म्हणून तो शब्द तेथे कोणी उच्चारला नाही इतकेच.

हा भाचा, एडवर्ड हर्बर्ट, १८३९ च्या मे महिन्यात बापामागून दुसरा अर्ल झाला. हे वर्ष ध्यानात ठेवावे, कारण त्याच वेळी अलिबागेत एक तान्हे मूल सिंहासनावर होते.

मानाजीमागून पहिले रघूजी १७५९ पासून १७९३ पर्यंत कुलाब्यास होते आणि ती कारकीर्द सुखाची गेली. त्यानंतर घरात यादवी माजली. अज्ञान धनी, कारभाऱ्यांची ओढाताण, शिंद्यांच्या पाठबळावर संस्थान घेऊन बसलेले बाबूराव आंग्रे. त्या तपशिलात आम्ही शिरत नाही, तो वाचताना मन विटते. १८१७ साली दुसरे रघूजी गादीवर आले, त्याच सुमारास पेशवाई बुडाली, आणि १८२२ च्या तहाने कुलाब्याने कंपनी सरकारचे वर्चस्व मान्य केले. २६ डिसेंबर १८३८ रोजी रघूजी वारले. त्यांच्या मृत्यूनंतर महिनाभराने मुलगा जन्मला. त्याचे नाव पणजोबाच्या आजोबावरून कान्होजी ठेवले. हे दुसरे कान्होजी १८४० साली गेले, दीड वर्षाचेही झाले नव्हते.

वाड्यातील स्त्रियांनी दत्तकाची परवानगी मागितली. आंग्रे कुळात पुरुष उरले नव्हते असे नाही. अन्य शाखा हयात होत्या. परवानगी नाकारण्यात आली. संस्थान कंपनीने ताब्यात घेतले आणि १८४४ साली कायदा करून त्याला मुंबई इलाख्याचे नियम लागू केले. या प्रकरणातच, १८४१ साली, कंपनी सरकारचे धोरण लेखी नमूद झाले : न्याय्य आणि सन्मान्य रीतीने प्रदेश किंवा महसूल हाती येत असेल तर तो सोडू नये. १८४८ साली आलेल्या लॉर्ड डलहौसीने सातारा खालसा करताना याच धोरणाचा आधार घेतला. सातारा, नागपूर, झाशी ही नावे शाळेतील मुलांना पाठ असतात. त्या माळेचा एक पहिला मणी आपल्या अलिबागेत ओवला गेला, हे मात्र आपल्याच जिल्ह्यात फारसे कोणाला ठाऊक नाही.

कंपनीची बाजू अगदीच लंगडी होती असे मात्र म्हणता येणार नाही. सरखेली धन्याच्या संमतीने चालत आली होती, हे वर सांगितलेच. मराठी राज्यातही सरदाराचा दत्तक धन्याच्या मंजुरीने आणि नजराणा भरून होत असे. पेशव्यांच्या जागी आता आम्ही आलो, तेव्हा मंजुरी देण्याचा अधिकार आमचा, आणि अधिकार म्हटला की नाकारण्याचाही अधिकार आला, असे ते म्हणत. शिवाय पोविसचा अर्ल कोणावर राज्य करीत नव्हता. कुलाब्याचे आंग्रे वसूल घेत, न्याय देत, आपला अलिबागी रुपया पाडीत. दोन पदांची जात वेगळी होती.

हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. पेशव्यांनी आंग्र्यांचे घर वाटले, किताब वाटला, तुळाजीला कैदेत टाकले. पण मूल नाही म्हणून घराणे मिटवून टाकण्याची कल्पना त्यांना सुचली नाही. मंजुरीचा अधिकार होता तो नजराणा घेऊन घर चालू ठेवण्यासाठी. कंपनीने तोच अधिकार घर बंद करण्यासाठी वापरला. आणि तो वापरणाऱ्यांच्या मायदेशी १७४८ साली, १८०१ साली राजाची लेखणी प्रत्येक वेळी घराच्या बाजूने चालली होती. वस्त्रे देणारा हात दोन्हीकडे होता. एकीकडे तो पुढे झाला, दुसरीकडे त्याने मूठ मिटली.

१८५७ नंतर ती मूठ उघडली. १८६२ साली लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. कुलाब्याला त्याचा काय उपयोग? धनी जाऊन बावीस वर्षे झाली होती. त्याच सुमारास मुंबईत आणखी एक गंमत झाली. जमशेटजी जीजीभाईंना १८५७ साली बॅरोनेटचा किताब मिळाला होता; १८६० साली त्यासाठी कायदा होऊन ठरले की, या किताबावर येणाऱ्या प्रत्येकाने 'जमशेटजी जीजीभाई' हेच नाव धारण करावे. एवढे सैल आणि एवढे समंजस नियम सरकारला करता येत होते.

पोविसचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. तिसरे अर्ल अविवाहित होते. १८९१ साली पदवी पुतण्याकडे गेली. या चौथ्या अर्लचा थोरला मुलगा पहिल्या महायुद्धात १९१६ साली जखमांनी वारला, धाकटा दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली गेला. १९५२ साली म्हातारे अर्ल वारले तेव्हा अर्लकी चुलत शाखेत गेली. १९९३ साली ती आठव्या अर्लकडे आली. मात्र धाकट्या मुलाला आईकडून मिळालेली एक प्राचीन बॅरनकी स्त्रियांनाही चालत असल्यामुळे त्याच्या मुलीला मिळाली. एकाच घरात एक पदवी मुलीला चालते आणि दुसरी चालत नाही! लाल किल्ला आता राष्ट्रीय न्यासाकडे आहे. क्लाइव्ह पितापुत्रांनी हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू तेथे मांडलेल्या आहेत, त्यांत टिपू सुलतानाचा तंबूही आहे.

सरखेली कोणाकडेच राहिली नाही. आंग्रे घराण्याचे वंशज आजही अलिबागेत आहेत. कुलाबा हे नाव जिल्ह्याला मिळाले आणि १९८१ साली रायगड या नावाने त्याची जागा घेतली. मुंबईच्या जुन्या कोटातील नौदलाच्या तळाला १९५१ साली 'आंग्रे' हे नाव देण्यात आले. ज्या कोटातून कान्होजींवर स्वाऱ्या निघत, त्याच कोटाला.

आम्ही ब्रह्मचारी माणसे. वारसाचा प्रश्न आमच्या वाट्याला येत नाही. पण नोंदवह्या आमच्या हाती असतात. इंग्लंडात आजही दत्तक मुलाला उमरावाची पदवी मिळत नाही. २००४ साली राणीने दत्तक मुलांना उमरावांच्या मुलांप्रमाणे संबोधले जाण्याचा मान दिला. वारसा मात्र दिला नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मनियमसंहितेत ११० वा नियम एका वाक्याचा आहे : मुलकी कायद्याप्रमाणे दत्तक घेतलेली मुले ही दत्तक घेणाऱ्यांची मुले समजावीत.

किल्ल्यावरच्या त्या सहलीनंतर काही महिन्यांनी ते जोडपे मुलीच्या शाळेसाठी स्नानसंस्काराचा दाखला मागायला आले. बाबा जरा घुटमळत म्हणाला, "फादर, वडिलांच्या रकान्यात कसं लिहिलंय ते बघा ना एकदा." आम्ही नोंदवही काढून त्याच्यासमोर उघडली. त्याने ओळीवर बोट ठेवून आपले नाव वाचले, मग पुन्हा एकदा वाचले. मुलगी तोवर टेबलावरच्या शिक्क्याशी खेळत होती. तो तिच्या हातून घेऊन आम्ही दाखल्यावर उमटवला.